वाळत घातलेल्या पीचवरची राख

कंदील जरा इकडे सरकव आणि दार लावून घे. वारा नाही हे मलाही कळतंय, तरी लाव.

तू या शाळेत नवीन आलीस आणि गेल्या आठवड्यात मला विचारलंस, की रोज संध्याकाळी कड्याच्या टोकावर सूर्यास्त बघायला एवढे लोक लांबून येतात, मग व्हर्लीन, तू इतकी जवळ राहतेस आणि त्या बाजूला पाठ करून का बसतेस. तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. गेलेल्या माणसांबद्दल आम्ही दिने, म्हणजे या दऱ्यांमधले मूळचे लोक, बोलत नाही, नाव तर घेतच नाही. पण माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो तसाच घेऊन झोपायचा मला कंटाळा आलाय. म्हणून एकदाच सांगते. पुन्हा विचारू नकोस.

त्या दिवशी मी पाणी भरायला गेले होते. आमच्याकडे घरात नळ नाहीत. कड्यावर पर्यटकांच्या गाड्या लागतात तिथे कोपऱ्यात एक नळ आहे. पिकअपच्या हौद्यात पिंप ठेवायचं, नळी सोडायची आणि भरेपर्यंत उभं राहायचं. ते पाणी माझ्यासाठी नव्हतं, बेसीमावशीसाठी होतं. माझी आई गेल्यावर याच मावशीनं मला वाढवलं. ती दरीत राहायची. वरून बघितलं की कठड्याच्या बरोबर खाली, ओढ्याच्या वळणावर, तिचं गोल मातीचं घर दिसायचं. दार पूर्वेला. शेजारी मक्याचं शेत, मेंढ्यांचा वाडा आणि पीचची झाडं. ती जमीन आजीकडून तिच्याकडे आली होती आणि तिच्याकडून माझ्याकडे यायची होती. आमच्यात जमीन बायकांच्या हातातून बायकांच्या हातात जाते.

सप्टेंबर संपत आला होता. मावशीनं पीच चिरून खडकावर वाळत घातले होते. वरून तो खडक केशरी दिसत होता, जणू कुणी गोधडी पसरून ठेवलीय. पर्यटक त्याचेही फोटो काढत. खाली कुणी राहतं का, असं मला शंभरदा विचारून झालंय. चुलीचा धूर समोर वर येत असतो आणि हे विचारतात, खाली कुणी राहतं का. त्यांना दरी म्हणजे भिंतीवर लावलेलं चित्र वाटते. चित्रात कोण कशाला राहील?

माझा मावसभाऊ एल्रॉय, मावशीचाच मुलगा, तिथेच पार्किंगमध्ये टेबल मांडून फिरोजाचे दागिने विकायचा. त्यानं मला लांबूनच हात केला आणि डोळ्यांनी कठड्याकडे खूण केली. तिथे एक नवराबायको उभे होते. नवरा साठीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. हातात एक लाकडी डबा, दोन्ही हातांनी धरलेला. मला वाटलं, डब्यात खायचं असेल. बायकोनं मघाशीच एल्रॉयकडून कानातले घेतले होते. त्यावर तसाच हार करून हवा म्हणून फोन नंबरही देऊन ठेवला होता. दोघं कशाची तरी वाट बघत होते. कशाची, ते नंतर कळलं. उजेड चांगला यायची. फोटोसाठी.

दिवसभर दरीतला वारा वर येतो. ऊन उतरलं की तो उलटतो आणि खाली सरकायला लागतो, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण कुणी हळूच ओढावं तसा. आम्हाला हे अंगवळणी पडलेलं. त्या माणसाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. दरीची समोरची भिंत तांबडी झाली तसा तो कठडा ओलांडून पुढे गेला. बायकोनं फोन वर धरला. त्यानं एक नाव घेतलं, मोठ्यानं, आणि डबा उलटा केला.

पांढुरकं, राखाडी असं काहीतरी बाहेर पडलं. वर न उडता ते एकसंध खाली गेलं. मी नळी तशीच टाकून पळत सुटले, पण पोचेपर्यंत तो डब्याच्या तळावर थापटत होता, पीठ झाडतात तसं.

"काय टाकलंत हे?" मी विचारलं.

"माझी आई," तो म्हणाला. डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. "आता ती मोकळी झाली."

मी त्याला हाताला धरून कड्याशी नेलं आणि खाली दाखवलं. तो धूर माझ्या मावशीच्या चुलीचा आहे, म्हटलं. ते केशरी दिसतंय ते आमचं हिवाळ्याचं खाणं आहे. त्यानं खाली असं बघितलं, की जणू आत्ताच कुणी ते सगळं तिथे नेऊन ठेवलंय. मग म्हणाला, आम्हाला कल्पना नव्हती, कुठे तशी पाटीही नव्हती.

एल्रॉय माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. एरवी तो गिऱ्हाइकांशी फार गोड बोलतो. "तुमच्या घरापुढे आहे का पाटी, साहेब?" तो म्हणाला. "इथे कुणी आपली आई टाकू नये म्हणून?"

बायको हलक्या आवाजात म्हणाली, की अशा प्रसंगी वाद घालणं बरं दिसत नाही, आणि निसर्ग काय, सगळ्यांचाच असतो.  मी नवऱ्याला विचारलं, तुमची आई इथे कधी आली होती का. नाही म्हणाला. मग तिनं इथे आणायला सांगितलं होतं का. त्यावर तो शर्टाची बाही सारखी करायला लागला. जाताना त्यांनी तो डबा कचऱ्याच्या पिंपात टाकला, कॉफीच्या कागदी पेल्यांवर. मला ते पेले अजून दिसतात.

मी पाणी अर्धंच घेऊन खाली गेले. मागच्या बाजूनं एक कच्चा रस्ता वळणं घेत दरीत उतरतो आणि पुढे ओढ्याच्या वाळूतून जावं लागतं. पोचले तेव्हा खाली सावली दाट झाली होती. मावशी तोंडावर रुमाल बांधून घरापासून लांब उभी होती. मेंढ्या तिनं आधीच वरच्या अंगाला हाकलल्या होत्या. खडकावर केशरी काही उरलं नव्हतं. झाडांच्या पानांवरही राखच. पाण्याच्या बादलीवर तवंग धरला होता.

"माणूस होता का?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

"नाव सांगू नकोस."

त्या पीचना आम्ही कुणी हात लावला नाही. खारीसुद्धा फिरकल्या नाहीत. एवढी वर्षं खारींना शिव्या घालून मावशीचा घसा बसायचा, आणि आता ती दारात उभी राहून त्यांची वाट बघत होती.

दोन दिवसांनी मी पुन्हा पाणी घेऊन गेले. मावशी स्टोव्हपाशी बसून होती आणि तिनं दाराला आतून घोंगडी लावली होती. संध्याकाळ व्हायच्या आत निघ, म्हणाली. का, ते सांगेना. मी हट्टानं थांबले.

खाली संध्याकाळ कशी होते ते वरून कळत नाही. वरचे लोक रंग बघत असतात. खाली आधी गारवा येतो. मग सावली भिंतीवर चढायला लागते, पाणी चढावं तशी, आणि ऊन वर वर पळत जातं. त्या दिवशी मी घोंगडीच्या फटीतून बघत होते; ऊन अगदी वरच्या काठाला पोचलं आणि वाड्यातल्या मेंढ्यांनी रवंथ करणं थांबवलं. सगळ्यांनी एकदम. मग वास आला. तोंडाला लावायच्या पावडरचा, गोडसर, आणि त्याच्या खाली दवाखान्यातल्या बंद खोलीचा.

आवाज खडकाच्या बाजूनं आला. म्हातारा होता, पण खणखणीत.

"रसेल... गाडी आण."

मी मावशीकडे बघितलं. ती स्टोव्हकडे बघत होती.

"रसेल. मी कधीची थांबलेय इथे."

तुला काय वाटतं, तो आवाज रडका असेल? अजिबात नाही. ती बाई भडकलेली होती. चारचौघांत ताटकळत ठेवलेल्या माणसाला राग येतो ना, आणि तो राग गिळूनही घ्यावा लागतो, तसा तो आवाज होता. वर कठड्यावरच्या कुणा टवाळानं तो ऐकला असावा. त्यानं गंमत म्हणून वरून ओरडून उत्तर दिलं, "रसेल". पाठोपाठ हसणं झालं. भिंतींनी ते नाव इकडून तिकडे फेकलं आणि ते हळूहळू विरून गेलं.

खडकापाशी काही वेळ काहीच झालं नाही. मग आवाज पुन्हा आला. या वेळी जवळून, आणि जरा हलका.

"कोण आहे तिथे...? रसेल आहे का?"

वाळूवर सपाता घासत चालल्यासारखा आवाज झाला. घराला वळसा घालून तो दारापाशी आला आणि थांबला. घोंगडी हलली नाही. पावडरचा वास मात्र आत आला. मी मावशीचा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी माझ्या बोटात रुतली. बराच वेळ कुणीतरी बाहेर श्वास घेत उभं होतं. मग सपाता परत गेल्या.

"चांगल्या घरातली आहे," मावशी कुजबुजली. "बोलावल्याशिवाय आत येत नाही."

मावशीचा स्वभावच तसा होता, परक्यातही चांगलं बघायचा. पण हे बोलताना तिचे दात वाजत होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. मावशीचं जेवण सुटलं. खोकला धरला. आमच्याकडे आजाऱ्यासाठी मंत्र म्हणणारे एक आजोबा आहेत, त्यांना मी घेऊन आले. ते दुपारीच आले, झाडांमधून फिरले, खडकाजवळ गेले नाहीत. म्हणाले, माझे मंत्र आपल्या माणसांसाठी आहेत, या बाईला त्यातला एक शब्द कळायचा नाही. तिला इथे राहायचं नाहीये. ती रोज तेच सांगतेय. मग तिला नेत का नाही कुणी? आणि नेलं तरी बेसी, ते मावशीला म्हणाले, तू आता या घरात राहायचं नाहीस. तुला ठाऊक आहे ते.

मावशीला ठाऊक होतं; मेलेल्या माणसाची सावली पडलेल्या जागी आमच्यात कुणी राहत नाही. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मेंढ्या हाकलत वर आणल्या आणि ती माझ्या घरी राहायला आली. पत्र्याच्या या घरात, या खिडकीपाशी बसायची.

आता मी का चिडते ते समजून घे. खूप पूर्वी सैनिक या दऱ्यांमध्ये आले होते. त्यांनी मका जाळला, पीचची झाडं बुंध्यापासून तोडली आणि आमच्या लोकांना हाकलत दूर नेलं. वाचलेली माणसं चालत परत आली, तेव्हा त्या बुंध्यांना धुमारे फुटलेले होते. मावशीची झाडं त्यांच्यापासूनची. बंदुका घेऊन आलेल्यांना जे जमलं नाही ते एका इस्त्रीच्या शर्टातल्या माणसानं करून दाखवलं, आणि तेही डोळ्यांत पाणी आणून, प्रेमानं. बरं, शिवी द्यावी तर तो म्हणणार, माझा हेतू वाईट नव्हता. यांचा हेतू कधीच वाईट नसतो.

एल्रॉयकडे त्या बाईचा नंबर होता. मी कड्यावर जाऊन फोन लावला. तिनं उचलला आणि पहिलं काय विचारलं असेल? हार तयार झाला का. मी म्हटलं, नवऱ्याला द्या.

मी त्याला कसलीच प्रस्तावना केली नाही. तुमची आई माझ्या मावशीच्या दारात उभी असते, म्हटलं, येऊन घेऊन जा. तो आधी हसल्यासारखं करायला लागला. मग म्हणाला, तुमच्या श्रद्धांबद्दल मला आदर आहे. त्यावर मी तिचे शब्द त्याला सांगितले. तिच्याच चालीत.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

तीच सांगते, रोज, मी म्हटलं. तेव्हा तो तुटक तुटक बोलायला लागला. आई चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून दर रविवारी असंच म्हणायची. तिला पायऱ्यासुद्धा एकटीला उतरवत नसत, उंचीची फार भीती. गच्चीत यायची नाही. पुलावरून जाताना गाडीत डोळे मिटून घ्यायची.

मी विचारलं, मग कड्यावरून कशाला टाकलंत तिला.

तो म्हणाला, बायकोनं कुणाचा तरी व्हिडिओ बघितला होता. फार सुंदर दिसत होतं. शिवाय आम्हाला इकडे फिरायला यायचंच होतं.

तुला सांगते, भुताची भीती वाटते ती वेगळी. पण हे ऐकून मला जे वाटलं, त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तो आला. एकटाच आला, दिवाळखोर माणसासारखा चेहरा घेऊन. त्याच्याकडे नवा डबा होता, पितळी, झाकणावर नक्षी. मावशीनं खिडकीतून तो डबा पाहिला आणि मला बोलावून म्हणाली, डब्याचं काय करायचंय? ती गाडी मागतेय. गाडी न्या. त्याची गाडी ओढ्याच्या वाळूत पहिल्याच झटक्याला रुतली असती. म्हणजे पिकअपच न्यायला हवी होती, आणि ती चालवायची मी. मावशीनं मला बजावलं. वळून बघायचं नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही. ती काही बोलली तर बोलू द्यायचं. तिनं माझ्या खिशात कसल्याशा मुळ्या घातल्या आणि दाराशी आली सुद्धा नाही.

खाली पोचलो तेव्हा ऊन भिंतीच्या वरच्या काठाला लागलं होतं. झाडांची पानं गळून गेली होती आणि खडकावर काळपट डाग उरले होते. मी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगवर बसून राहिले. रसेल खाली उतरला आणि वाळूत उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

वास आला.

"रसेल... गाडी आण."

साठीचा माणूस, पण त्याचे खांदे एकदम आत गेले, मास्तरांनी नाव पुकारल्यासारखे. "आणली, आई," तो म्हणाला.  त्यानं माझ्या शेजारचं दार उघडून धरलं.

मी समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. वाळूवर सपाता घासल्या, थांबल्या, परत घासल्या. त्यांना घाई नव्हती. मग शेजारच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली आणि ती बाजू थोडीशी खाली बसली. रसेलनं दार हलकेच लावलं आणि न सांगता मागे जाऊन हौद्यात चढला. चढताना मला म्हणाला, "ती पुढेच बसते."

मी गाडी काढली. शेजारी कुणीतरी कपडे सारखे केल्याची सळसळ झाली. मग नाकातून एक सुस्कारा आला. तो नाराजीचा होता. एवढा उशीर केल्याबद्दलचा. माझ्या मानेवरून घाम वाहत होता आणि गाडीत इतका गारठा होता की काचेवर आतून धुकं धरलं. मी हातानं काच पुसायची आणि पुढचं वळण बघायची, एवढंच करत होते. आरशाकडे डोळे जाऊ नयेत म्हणून मान आखडून धरली होती.

वाळू संपून चढ लागला. त्या रस्त्याला दरीच्या बाजूला काहीच नाही, कठडा नाही, दगडांची रांगही नाही. वर जाताना दरी तिच्या बाजूला होती. पहिल्या वळणावर सळसळ थांबली. दुसऱ्या वळणावर माझ्या मनगटाच्या वर काहीतरी टेकलं. बोटं होती ती. बारीक, हाडंच जाणवणारी, बर्फासारखी. ती वळली आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"फार उंच आहे..." शेजारून आलं. आता त्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. श्वास तुटत होता. "फार उंच आहे हे..."

मावशीनं काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. पण ती बोटं थरथरत होती ग. या बाईला ज्या गोष्टीची जन्मभर धडकी भरायची, त्याच गोष्टीवरून तिला पोटच्या मुलानं उलटं करून झाडून टाकलं होतं, वर डब्याला थापट्या मारून. मला तिची भीती वाटायची त्या क्षणी थांबली. तिच्या वतीनं मला जो राग आला, त्यात मी तोंड उघडलं.

"डोळे मिटून घ्या, बाई," मी म्हटलं. "थोडंच राहिलंय. मी सांगेन तेव्हा उघडा."

पकड सैल झाली नाही, पण श्वास हळूहळू लयीत आला. वर सपाट रस्ता आला तेव्हा मी म्हटलं, आता उघडा. हात सुटला.

कठड्यावरची गर्दी पांगत होती. रसेलनं आपल्या गाडीचं पुढचं दार उघडलं आणि आम्ही दोघं नुसते उभे राहिलो. माझ्या पिकअपची स्प्रिंग वाजली. थोड्या वेळानं त्याच्या गाडीची ती बाजू जराशी दबली. त्यानं दार लावलं आणि माझ्याकडे वळला. त्याला माफी मागायची असावी. 

"तिला भीती वाटत होती," मी म्हटलं. "आत्ता, वर येताना. माझा हात धरला होता तिनं."

त्यानं मान हलवली. "मी तिला कधी विचारलंच नाही," तो म्हणाला, "तुला कुठे ठेवू म्हणून."

मी म्हटलं, जा आता, तिला ताटकळत ठेवू नका. तो गेला. तो पितळी डबा तेवढा माझ्या दारात राहिला होता. एल्रॉयनं काठीनं ढकलत नेऊन लांब पुरला.

माझ्या हातावर बोटांचे पांढरे वळ बरेच दिवस होते. आजोबांनी माझ्यासाठी जे करायचं ते केलं.  मी तिच्याशी बोलले हे ऐकून मावशी मात्र चिडली. म्हणाली, तू एकीला उत्तर दिलंस पोरी, आणि दरी सगळं ऐकते.

मला वाटलं, म्हातारी आजारी आहे म्हणून बोलतेय. खालून आवाज यायचा थांबला होता. तरी मावशी परत गेली नाही ती नाहीच. जागा शांत झाली म्हणून राहण्याजोगी होत नाही. ती थंडीतच गेली, दवाखान्यात, तिथल्याही खिडकीकडे पाठ करून.

ती जायच्या आधीची गोष्ट. तिच्या खालच्या घराबाहेर तिचा जुना लोखंडी स्टोव्ह होता, उन्हाळ्यात अंगणात वापरायचा. तो तेवढा आणा म्हणून तिनं एल्रॉयच्या मागे धोशा लावला. आम्ही मुद्दाम दुपारी गेलो. पण स्टोव्हचे पाय मातीत रुतून बसले होते, ते काढण्यात वेळ गेला, आणि बघतो तर ऊन भिंतीवर चढायला लागलेलं. घाईघाईनं आम्ही तो उचलून पिकअपपाशी आणला. एल्रॉय हौद्याचं फळकूट पाडायला मागे गेला आणि तिथेच थबकला.

वाळूत पावलं होती. मघाशी नव्हती. पिकअपच्या मागे, एकामागे एक, सगळी गाडीकडे तोंड केलेली. बुटांची होती, अनवाणी होती, एका ठिकाणी काठीचं टोक उमटलं होतं. बसच्या थांब्यावर माणसं निमूट उभी असतात तशी ती ओळ होती. झाडांमधून येणारी पावलं नव्हती, जाणारीही नव्हती. नुसती उभी होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

एल्रॉयनं स्टोव्ह तिथेच सोडला आणि मला दंडाला धरून पुढे ढकललं. "ताई," तो म्हणाला, "तुला काय वाटलं, इथे आपलं माणूस टाकणारा तो रसेल पहिलाच होता?"

मी गाडी सुरू केली.  चढाच्या पहिल्या वळणावर आमच्या पाठीमागच्या काचेवर हौद्यातून टकटक झाली. हळू, अदबीनं, आत येऊ का विचारल्यासारखी. एल्रॉयनं माझा गुडघा दाबून धरला. मी वळले नाही. मी तोंडही उघडलं नाही, आणि या सगळ्यांना घेऊन जा म्हणून आता कुणाला फोन लावायचा होता?

दुसऱ्या वळणावर टकटक पुन्हा झाली. या वेळी काचेच्या अगदी खालच्या कडेला, जिथपर्यंत एखाद्या लहान मुलाचाच हात पोचावा.